ओल्या चुन्यातलं रोशनदान

अक्षदा गिरणीत शिरली ती तांब्याच्या तारेसाठी, आणि पकडली गेली ती बघत राहिल्यामुळे.

देवासची ती सूतगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. फाटकाला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, सीलवर धूळ. मागच्या भिंतीत उंचावर पूर्वी हवा बाहेर टाकणारा पंखा होता. तो केव्हाच कोणीतरी काढून नेला आणि मागे एक गोल भोक उरलं. वस्तीतली मुलं त्याला रोशनदान म्हणत. मोठ्या पोरांचे खांदे त्यात अडकायचे. अक्षदा सोळा वर्षांची होती, पण अंगाने काडीसारखी. आत जायचं, मोटारींतली तार कापायची आणि बाहेर फेकायची, एवढंच तिचं काम होतं.

भर दुपार होती. आतल्या पाइपाला धरून ती खाली उतरली, मागे वळली, आणि हातातली पक्कड हातातच राहिली.

गिरणीचं छत करवतीच्या दातांसारखं होतं आणि प्रत्येक दाताच्या काचेतून मऊ, पांढरा उजेड आत उतरत होता. कापसाचे तंतू तुळयांवर, तारांवर, यंत्रांच्या पाठींवर साठून राहिले होते. तिच्या उतरण्याने हवा हलली तसे ते सगळे एकदम उठले आणि उजेडात तरंगू लागले. खाली यायची त्यांना घाई नव्हती. त्यांच्याखाली लांबच लांब यंत्रं ओळीने बसली होती, तळ्याकाठी म्हशी बसाव्यात तशी. कुठेतरी एक कबूतर घुमलं आणि तो आवाज छताच्या सगळ्या दातांवरून फिरून पुन्हा तिच्याकडे आला.

बाहेर पहाऱ्याला उभ्या असलेल्या सार्थकची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. मग पळणाऱ्या पायांचे आवाज. अक्षदाला सगळं ऐकू आलं, पण फार लांबून, झोपेत आईने हाक मारावी तसं. बाजूच्या छोट्या दाराने चौकीदार आत आला तेव्हा ती तळहात पसरून उभी होती. एक तंतू त्यावर उतरायच्या बेतात होता.

ठाण्यात तिला सोडवायला वडील आले. शरद त्याच गिरणीत फिटर होता. अमळनेरहून तरुणपणी आला, सूत कातायच्या यंत्रांच्या, रिंग फ्रेमच्या, खात्यात लागला, इथेच संसार मांडला. गिरणी बंद झाल्यापासून तो कधी पंपाच्या दुकानात, कधी कोणाच्या पिठाच्या गिरणीवर हाताला मिळेल ते काम करायचा. जुन्या फाटकावरून जायला लागू नये म्हणून बाजारातही लांबच्या वाटेने जायचा. ठाण्याच्या पायरीवर तो मुलीला एवढंच म्हणाला, "तू आत गेलीच नव्हतीस. बाहेर उभी होतीस. कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं. समजलं?"

"पण बाबा, चौकीदाराने तर..."

"चौकीदार एकटा होता. एकट्याचं कोण ऐकतं? बाहेर उभी होतीस."

किशोर न्याय बोर्डापुढे मात्र तिच्याबरोबर आई गेली. टेबलामागे चारुलताबाई बसल्या होत्या. देवासच्या जुन्या दरबारी घराण्यातल्या, आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आता बोर्डाच्या सदस्य. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आत काय होतं ग?"

का गेलीस, कोण होतं बरोबर, असं काही नाही. आत काय होतं. अक्षदाने तोंड उघडलं ते बाहेर उभी होते म्हणायला, आणि तिच्या तोंडून तंतूच बाहेर पडले. मग म्हशी, मग कबूतर. चारुलताबाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही.

परतताना टेंपोत आई, कल्पना, तिच्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटतंय त्यांनी तुला वाचवलं. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे."

बोर्डाने तिला घरी राहू दिलं, पण तात्पुरतं. वस्तीत भिंत रंगवायचं काम सुरू होणार होतं, त्यात तिने नियमाने जायचं. चित्र पुरं झालं की चारुलताबाई येऊन बघणार आणि मग ठरवणार, मुलीने घरीच राहावं की दुसऱ्या गावच्या बालिकागृहात जावं. मधे एकदा त्या चौकशीला येऊन गेल्या. जाताना आईला म्हणाल्या, "मुलगी नीट येते आहे. वडील मात्र एकदाही दिसले नाहीत. घरात हिच्याकडे कोणाचं लक्ष आहे, हे मला कळायला हवं. नाहीतर तिथे निदान वेळेवर कोणी हाक तरी मारतं." बालिकागृहाबद्दल आईने तेवढं ऐकलं आणि त्या रात्री भाकरी करपवली.

भिंतीचं काम अंबरीशचं होतं. तो धारचा. बोलायला लागला की मुलं हसायची, कारण तो घरातल्या जुन्या माणसांसारखं बोले, "आपण", "कृपा करून", आणि पुढच्याच वाक्यात "चल रे भिया, बाल्टी उचल." त्याने पहिली भिंत धारला केली होती, निसरपुरकडच्या मुलांबरोबर. नदीचं पाणी चढणार म्हणून ज्यांची घरं मोजून झाली होती, ती ही मुलं दिवसभर बसस्टँडवर भटकायची. त्यातल्या एकाने आपलं घर उलटं काढलं होतं, पाण्यात दिसतं तसं, आणि कोणीही सांगितलं तरी सुलटं केलं नाही.

देवासला त्याला गिरणीचीच कुंपणभिंत मिळाली, वस्तीकडच्या बाजूची. मुलं जमली ती सगळी कुठून ना कुठून पाठवलेली. कोणी शाळेतून काढलेलं, कोणी पंक्चरची ट्यूब हुंगताना सापडलेलं. सार्थकही होता. अक्षदाला बघताच म्हणाला, "आल्या राणीसाहेब! शिट्ट्या मारून मारून माझे ओठ सुजले होते, माहीत आहे? आत काय पिक्चर चालू होता का?"

"हो," अक्षदा म्हणाली.

अंबरीशची पद्धत अशी होती: डोळे मिटल्यावर जे दिसतं ते ज्याने त्याने भिंतीवर कोळशाने काढायचं. पण रंग आपल्या चित्रात आपण भरायचा नाही. तो दुसऱ्याने भरायचा. ज्याचं चित्र, त्याने भरणाऱ्याच्या शेजारी बसून सांगायचं, इथे काय आहे, किती उजेड आहे, हात लावला तर कसं लागेल. त्यामुळे तिथे दिवसभर बोलणं चालायचं. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारी मुलं एकमेकांना सांगत बसायची की हा निळा नाही, हा पहाटे आजोबा वारले तेव्हाचा निळा आहे. गेरू, पिवडी, नीळ, काजळी. त्यात अंबरीश कसलासा चिकटा घालायचा. तो एकदा वाळला की रंग पाण्याने हलत नसे.

अक्षदाने रोशनदान काढलं. ते काढताकाढता मोठं झालं, आणि सार्थकने त्यात पिवडी भरली तेव्हा त्याचा चंद्र झाला. चंद्रातून एक मुलगी अर्धी आत गेली होती. बाहेर दिसत होते ते तिचे पाय आणि निळी सलवार. चंद्राच्या पलीकडे पांढरे ठिपके हळूहळू खाली येत होते आणि त्यांच्याखाली यंत्रं डोळे मिटून रवंथ करत होती.

"म्हशींना शिंगं देऊ?" सार्थकने विचारलं.

"यंत्रं आहेत ती."

"मग रवंथ का करतायत?"

"त्यांना दुसरं काही काम नाही."

सार्थकने थोडा विचार केला आणि एका यंत्राला, अगदी कडेच्या, छोटी शिंगं दिलीच.

चारुलताबाई शनिवारी सकाळी येणार हे वस्तीत सगळ्यांना कळलं. थंडीचे दिवस होते. शुक्रवारी संध्याकाळी नळावर जमुनाबाईंनी शरदला गाठलं. त्या शेजारीच राहायच्या आणि त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. "शरदभाऊ, बघितलं की नाही अजून? तुमच्या पोरीने स्वतःलाच काढलंय हो भिंतीवर! भोकातून आत शिरताना. सलवार पण तीच, निळी. एकदम हुबेहूब!"

शरद बादली तिथेच ठेवून गेला. परत आला तेव्हा अंधारलं होतं. जेवताना त्याने भाजी पुन्हा मागितली नाही की मीठ मागितलं नाही. शेवटी विचारलं, "उद्या त्या बाई कधी येणार?"

"दहाला," अक्षदा म्हणाली. तिला वाटलं, बाबा येणार. तिने ताटातल्या भाताचा छोटा डोंगर केला आणि त्यावर वरणाची नदी सोडली, लहानपणी करायची तशी. आईने ते बघितलं.

सकाळी तिला जाग आली ती वासाने. दिवाळीच्या आधी घरोघर येतो तो वास, विरलेल्या चुन्याचा, थंड आणि किंचित तिखट. दिवाळी तर होऊन गेली होती. ती शाल गुंडाळून बाहेर आली, वासामागून चालत गेली, आणि भिंतीपाशी पोचली.

धुकं होतं. भिंत धुक्यातच होती, की धुकं भिंतीत होतं, हे आधी कळेना. चित्र तिथेच होतं, पण दूर गेलं होतं. जणू कोणी सगळं दुधाच्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं आणि त्याच्या तळाशी चंद्र, यंत्रं, बाकीच्या मुलांनी काढलेली घरं शांत पडून होती. ती हरखून बघत राहिली. हे इतकं सुंदर कोणी केलं, असंच तिच्या मनात आलं. मग ऊन आलं. भिंतीच्या माथ्यावर एक पांढरी रेघ उमटली आणि खाली सरकू लागली. रेघेच्या वर काही दिसत नव्हतं. पातळ चुना ओला असतो तोवर आरपार दिसतो, वाळला की त्याचा पडदा होतो. अक्षदाला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिने ते होताना पाहिलं. आधी घरं गेली. मग चंद्राची वरची कड. मग अर्धा चंद्र. निळी सलवार बराच वेळ टिकली, आणि मग तीही कोणीतरी आत ओढून घेतल्यासारखी गेली.

ती घरी धावली. शरद मोरीत बसून हात धूत होता. कोपरापर्यंत पांढरे शिंतोडे होते, बोटांच्या बेचक्या लाल झाल्या होत्या. कुंचा भिंतीला टेकून उभा होता. तिला बघून तो हसला. गिरणी बंद झाल्यापासून तो असा हसला नव्हता.

"घाबरू नको," तो हळू आवाजात म्हणाला. "काही दिसत नाही आता. चुना कमी होता म्हणून पातळ केला, पण बसला चांगला. ती बाई येऊन बघेल तर कोरी भिंत. सांगायचं, बाहेर उभी होते. झालं."

अक्षदाच्या ओठांवर आलं होतं की त्यांना सगळं माहीत आहे बाबा, पहिल्या दिवसापासून. दारात आई उभी होती. तिने मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत, फक्त बघितलं. आणि बाबांची बोटं चुन्याने फुटली होती.

"बरं केलंत," अक्षदा म्हणाली.

"मी येत नाही तिकडे," शरद म्हणाला. "मला बघून उगाच विचारतील."

तो आत जाऊन आडवा झाला तशी आईने तिला बाहेर ओढलं. "ऐक. बाबांचं नाव घेऊ नकोस. त्या बाई आधीच म्हणतात घरात कोणी लक्ष देत नाही. त्यात हे कळलं तर म्हणतील, बापच असा, मुलीला इथे ठेवायचं कसं? तुला घेऊन जातील ग." तिने अक्षदाचा दंड घट्ट धरला. "सांग की वस्तीच्या कमिटीने चुन्याची पुताई केली. मॅडम येणार म्हणून. साहेब यायचा झाला की झाडांनासुद्धा चुना लावतात आपल्याकडे, कोणाला खोटं वाटणार नाही."

खरंच, खोटं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. गिरणी चालू होती तेव्हा मालक येण्याआधी रस्त्याकडेचे दगडही एकाआड एक पांढरे आणि गेरूचे व्हायचे.

भिंतीपाशी मुलं जमली होती. अंबरीश भिंतीला पाठ लावून खाली बसला होता, त्याच्या कोटाला चुना लागला होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. सार्थकच्या हातात चहाचा ग्लास होता.

"कोणी केलं?" तो म्हणाला. "नाव सांगा फक्त. भिया, नाव सांगा."

"कमिटीने," अक्षदा म्हणाली. "मॅडम येणार म्हणून."

सार्थकने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि ग्लास फेकून मारला. स्टीलचा ग्लास खणखणत खाली पडला. चहा भिंतीवर पसरला, ओघळला. आणि त्या ओघळात, तपकिरी धुक्यातून बाहेर यावं तसं, एक शिंग दिसू लागलं. मग कान. मग यंत्राची पाठ.

"अरे!" सार्थक म्हणाला. "माझी म्हैस!"

अंबरीश उठला. त्याने बोट जिभेला लावून भिंतीवर टेकवलं. बोटाएवढा निळा रंग वर आला. "आहे," तो म्हणाला, "सगळं आहे. चुना पाणी प्यायला की बाजूला होतो." मग तो थांबला. त्याने अक्षदाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला काहीतरी कळलं असावं. "भिजवायचं की नाही, ते तू ठरव. आज त्या तुझ्यासाठी येत आहेत. कोरी भिंतही आपण दाखवू शकतो. मी सांगेन, चित्र झालं होतं. माझ्या शब्दावर त्या विश्वास ठेवतील."

अक्षदा कोऱ्या भिंतीपुढे उभी राहिली. कालपर्यंत इथे सगळी बसून एकमेकांना आपापलं सांगत होती. आता इथे काही नव्हतं. जणू कोणी काही पाहिलंच नव्हतं, ती बाहेरच उभी होती.

चारुलताबाई रिक्षातून उतरल्या. पांढरी साडी, वर मरून रंगाचा स्वेटर. वस्ती गोळा झाली. जमुनाबाई सगळ्यांत पुढे. बाईंनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितली.

"चित्र कुठे आहे?"

अक्षदाने रंगकामासाठी भरून ठेवलेली पाण्याची बादली उचलली. ती जड होती. तिने एक हात बुडाशी लावला आणि पाणी वरच्या बाजूला, जिथे तिला पाठ होतं की चंद्र आहे, तिथे फेकलं.

पाणी खाली आलं आणि त्याच्या मागोमाग रंग खाली आले. सार्थकने दुसरी बादली मारली. मग कोणी मग्गा, कोणी डबा, कोणी ओंजळी. जमुनाबाईंनी नळाला लावलेला पाइपच ओढून आणला आणि अंगठा दाबून फवारा उडवू लागल्या. भिंत उघडत गेली. रंग कालच्यापेक्षा खोल दिसत होते, झोपेतून नुकते उठलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखे. गर्दीतलं एक लहान मूल "बाहेर आलं, बाहेर आलं" ओरडत होतं. चंद्र पूर्ण झाला. निळी सलवार त्यातून अर्धी बाहेर लोंबत होती.

"वा," चारुलताबाई म्हणाल्या. त्या जवळ गेल्या. "आणि ही..."

"ती नाही ती!"

सगळे वळले. शरद गर्दीतून आत घुसत होता. पायात चपला नव्हत्या. तो भिंतीपाशी आला, चंद्राकडे पाठ केली, दोन्ही हात पसरले आणि टाचा उंचावून उभा राहिला. तरी चंद्र त्याच्या डोक्याच्या वर राहिला, आणि त्याच्या कानांच्या दोन्ही बाजूंनी मुलीचे पाय दिसत होते.

"ती नाही ती मॅडम. चित्र आहे नुसतं. मुलं काहीही काढतात. ती बाहेर उभी होती. मी सांगतो ना, मी बाप आहे तिचा. बाहेर उभी होती ती." ओला चुना त्याच्या सदऱ्यात झिरपत होता. "मी पुसलं होतं सगळं. पहाटे येऊन पुसलं होतं. हिने पुन्हा..." त्याने अक्षदाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसता गोंधळ होता, की आपण हिला दाराआड लपवलं आणि हीच कडी काढून बाहेर का आली.

आईने पदर तोंडाला लावला. अक्षदाला वाटलं, आता झालं. चारुलताबाईंच्या पर्समध्ये कागद आहे, त्या तो काढतील, आणि बालिकागृहात उद्यापासून वेळेवर कोणीतरी हाक मारेल.

चारुलताबाईंनी कागद काढला नाही. त्या शरदच्या समोर उभ्या राहिल्या. "आपण शरदराव ना?"

"हो."

"तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. आत गेले होते म्हणून. आपण हात खाली घ्या, गारठाल."

शरदचे हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले. तो बायकोकडे वळला. कल्पना मान खाली घालून म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"चुना आपण लावलात?" चारुलताबाईंनी विचारलं.

"हो."

"एकट्याने? एवढ्या भिंतीला?"

"शिडी नव्हती," शरद म्हणाला, गुन्हा कबूल करावा तसा. "ड्रमावर चढलो."

चारुलताबाई थोडा वेळ चंद्राच्या वरच्या कडेकडे बघत राहिल्या. तिथे कुंच्याचे फटकारे वेडेवाकडे होते, हात पुरत नसतानाचे. "मागच्या वेळी मी लिहून ठेवलं होतं, वडील फिरकत नाहीत," त्या म्हणाल्या. "ते आता खोडायला हवं." मग अक्षदाला म्हणाल्या, "तू घरीच राहायचं. पुढच्या महिन्यात या दोघांना घेऊन बोर्डात ये, म्हणजे तसं कागदावर होईल. आणि शरदराव, यापुढे मुलीला वाचवायचं असेल तर आधी तिला विचारत चला."

जमुनाबाई मोठ्याने म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून सांगत होते!" काय सांगत होत्या ते कोणी विचारलं नाही. हातातल्या पाइपातून पाणी त्यांच्याच चपलांवर पडत होतं.

अंबरीशने बाईंना भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. प्रत्येक चित्रापाशी ज्याचं त्याने उभं राहून सांगायचं होतं, आणि सगळी मुलं एकदम सांगत होती. सार्थक आपली शिंगं दाखवून आला. गर्दी पातळ झाली. आई घरी कोरडा सदरा आणायला गेली.

शरद भिंतीसमोर उकिडवा बसला होता. अक्षदा जरा अंतर ठेवून त्याच्या बाजूला बसली. ऊन चढलं होतं आणि भिंत वरून पुन्हा वाळू लागली होती. पांढरी रेघ चंद्राच्या कडेपर्यंत आली. शरद एकटक बघत होता, पण आत शिरणाऱ्या मुलीकडे नाही. तिच्यापलीकडे.

"ही रिंग फ्रेम आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"अशा बसलेल्या नसतात. उभ्या असतात."

"मला बसलेल्या वाटल्या."

तो भिंतीकडे जरा सरकला. मग म्हणाला, "चात्या होत्या का जागेवर? की त्याही काढून नेल्या?" सूत ज्यांच्यावर गुंडाळलं जातं त्या सळ्यांबद्दल तो विचारत होता.

"होत्या. एका ओळीतल्या सगळ्या होत्या. काहींवर सूत पण होतं अजून. मळलं होतं, पण होतं."

"कुठल्या ओळीत? दाराकडून?"

"दाराकडून नाही. मी खाली उतरले ना, तिथून डाव्या हाताला."

शरदने मान हलवली. डाव्या हाताला. तो मनात तिथे जाऊन पोचला होता हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तो ओळीतून चालत होता, यंत्रांवर हात टेकत, पुढे, पुढे, आणि मागच्या भिंतीशी येऊन थांबला. तिथे त्याने वर बघितलं. त्याचा चेहरा बदलला.

"थांब," तो म्हणाला. "तो पंखा कुठे होता, मला माहीत आहे. मीच बसवला होता तो, शिडीवर शिडी बांधून. तू तिथून खाली उतरलीस?"

"पाइप होता."

"तो पाइप? अग, तो गंजलेला होता गिरणी चालू होती तेव्हाच! आम्ही त्याला हात लावत नव्हतो!" तो उठून उभा राहिला. आवाज इतका चढला की लांबून अंबरीशने वळून बघितलं. "खाली सिमेंट आहे! पडली असतीस म्हणजे? कोणाला कळलं असतं? अक्कल आहे का तुला? बोल ना!"

ठाण्यातून आणल्या दिवसापासून तो तिला एकदाही रागावला नव्हता. अक्षदाला रडू आलं, आणि ते थांबवावंसं वाटलं नाही. शरद बोलतच होता. बोलताबोलता खाली वाकून त्याने तिची सलवार घोट्यावरून वर केली आणि कुठे खरचटलंय का ते बघू लागला, आत्ता, इतक्या महिन्यांनी.